मुद्देमाल सुकामेवा

आकाशवाणीच्या बातम्या ऐकणाऱ्या उभ्या महाराष्ट्राला सांताक्रूझ हे नाव पावसाळ्याचे चार महिने पाठ असते आणि उरलेले आठ महिने ते विस्मृतीत जाते. कुलाब्याला इतके मिलिमीटर, सांताक्रूझला इतके मिलिमीटर, असा जो जमाखर्च रोज वाचून दाखविला जातो, त्यातील दुसरी रक्कम आमची. आणि २६ जुलै २००५ रोजी ती एका दिवसात ९४४ मिलिमीटरपर्यंत चढल्यापासून तर, येथे वेधशाळेचे पर्जन्यमापक आणि विमानांची धावपट्टी यांखेरीज काही मनुष्यवस्तीही असावी, त्या वस्तीत लोक संसार करीत असावेत आणि त्या संसारात एखादे कुत्रे सुखाने नांदत असावे, ही कल्पना घाटावरील माझ्या आप्तेष्टांच्या मनाला शिवेनाशी झाली आहे. तरीही तसे कुत्रे आहे, आणि ते आमच्याच घरी आहे.

त्याचे नाव फौजदार. एका पावसाळ्यात मिलन सबवेच्या तोंडाशी, पाण्याबाहेर उरलेल्या वीतभर कठड्यावर बसून, बंद पडलेल्या प्रत्येक रिक्षाकडे संशयाने पाहत असलेले हे पिल्लू माझ्या धाकट्या चिरंजीवाने शर्टात घालून घरी आणले. जात गावठी, वर्ण पिवळसर, वजन अठरा किलो, एक कान उभा व दुसरा तहकूब. बाजारातून फेरीला नेले असता चणेफुटाण्यांच्या टोपलीपुढे तो अशा काही अधिकाराने थांबतो, की फेरीवाला न मागता दोन शेंगा पुढे करतो आणि हा त्या जागच्या जागी फोडून, टरफले पुराव्यादाखल तेथेच टाकून, पुढच्या चौकीकडे निघतो. नाव आधी ठेवले की वागणूक आधी होती, हे आता आमच्यापैकी कोणालाच नक्की आठवत नाही.

मी स्वतः महसूल खात्यात बत्तीस वर्षे काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरी सुटली, पण घडलेली गोष्ट कागदावर आल्याखेरीज ती घडली असे न मानण्याची खोड सुटली नाही. निवृत्तीनंतर एका वैद्यबुवांच्या सल्ल्यावरून रात्री काचेच्या वाटीत पाच बदाम व पंधरा मनुका भिजत घालाव्यात आणि पहाटे उठून, पूर्वाभिमुख बसून त्यांचे शांतपणे सेवन करावे, असा परिपाठ मी अखंड चालविला आहे. त्या समयी फौजदार समोर हजर असतो, एवढे तूर्त नमूद करून ठेवतो.

आता सुकामेव्याविषयी. हा शब्दच मुळात लबाड आहे. त्यातला मेवा फारसीतून आपल्याकडे आला आणि आल्याबरोबर दिवाणखान्यात जाऊन बसला. वनस्पतिशास्त्रात या वर्गाला आधार नाही, पाकशास्त्रात थोडासा आहे, आणि खरा भक्कम आधार आहे तो आतिथ्यशास्त्रात; पाहुण्यापुढे ठेवला असता यजमानाची ऐपत आणि पाहुण्याची योग्यता एकाच दृष्टिक्षेपात सिद्ध करणारा जो कोरडा जिन्नस, तो सुकामेवा. म्हणूनच शेंगदाणा कोरडा, रुचकर आणि पौष्टिक असूनही त्याला त्या तबकात प्रवेश नाही. आणि मनुका, जिचे कठीण कवचाच्या फळांशी सुतराम नाते नाही, जी केवळ उन्हात सुरकुतलेली द्राक्षाची लेक, ती मात्र बदामपिस्त्यांच्या पंक्तीला मानाने बसते. या एका शब्दाखाली किती परस्परविरोधी स्वभावांची मंडळी दडपून बसविलेली आहेत, हे मला गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सांजवेळी कळले.

माझा एक पुतण्या मेलबर्नला असतो. तो दिवाळीला आला तो एक पत्र्याचा डबा घेऊन. आत गोल, फिकट पिवळे, लोण्यासारखे दाणे. “काका, एक तोंडात टाकून बघा, विरघळतो,” असे म्हणून त्याने किंमतही सांगितली, ती ऐकून माझ्या तोंडातला दाणा विरघळायचा थांबला. सौभाग्यवतींनी ताबडतोब त्या डब्याला तबकात मध्यवर्ती स्थान दिले, आणि चकल्यांचा शेवटचा घाणा उतरल्यावर घर वामकुक्षीस प्रवृत्त झाले. पुढील हकीकत त्याच दिवशी मी केलेल्या टिपणातून देतो.

‘मौजे सांताक्रूझ पूर्व, दुसरा मजला, दर्शनी खोली. वेळ सायंकाळी पाच. दिवाणाखाली पत्र्याचा डबा एक, झाकण अलग, आतून चाटून लख्ख. फरशीवर दाण्यांचे तुकडे तीन. आरोपी जागेवरच हजर, तोंडास तेलकट वास, नजर वर उचलीत नाही. नाव घेऊन विचारले असता शेपटी दोनदा हलविली, ती कबुली म्हणून ग्राह्य धरली. आरोपीने उठून पळून जाण्याचा प्रयत्न केला. पुढचे दोन पाय निघाले, मागचे दोन जागेवरच राहिले.’

येथे माझी लेखणी थांबली, कारण विनोद संपला होता. फौजदार पुन्हा उठू गेला आणि त्याची मागची बाजू भिजलेल्या पोत्यासारखी खाली बसली. त्याने मान वळवून आपल्याच पायांकडे पाहिले. बदलीचा हुकूम हाती पडल्यावर मनुष्य जसा सहीकडे पाहतो, तसे त्याचे ते पाहणे होते.

मराठी इमारतीत कोणतेही संकट एकट्याने भोगण्याची सोय नाही. पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या आजी हळदीचे दूध घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मीठमोहरी आणून दृष्ट काढण्याची तयारी केली. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी, जे प्रत्येक गोष्टीत ठराव मांडतात, वाटीभर पाण्यात मूठभर मीठ कालवून ते पाजून ओकारी काढावी, असा ठराव मांडून त्याला अनुमोदनही स्वतःच दिले. मीठ दृष्टीसाठी घ्यावे की ओकारीसाठी, या प्रश्नावर जिन्यात मतभेद माजले, म्हणून त्या रात्री ते कुत्र्याच्या पोटात जायचे राहिले. पुढे कळले, की तेवढे मीठ हेच कुत्र्याला एक स्वतंत्र विष ठरते आणि मेंदूपर्यंत त्याची बाधा पोचते. एखाद्या सभेत एकमत न होण्याने जीव वाचल्याचे हे उदाहरण मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिला विचार परळचा आला. दिनशा माणेकजी पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या, साकरबाईंच्या, नावे उभारलेले जनावरांचे रुग्णालय तेथे गेल्या शतकाच्या आधीपासून आहे, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. मुंबईच्या कुत्र्यांवर पारशी समाजाचे उपकार त्याहूनही जुने आहेत. १८३२ च्या जूनमध्ये सरकारने बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम लांबविली, तेव्हा कोटातील पारशी मंडळींनी दुकाने बंद ठेवून असा दंगा उसळविला की सरकारला पलटण बोलवावी लागली. परंतु लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांताक्रूझहून परळ गाठणे ही गोष्ट इतिहासाच्या आधाराने साधण्यासारखी नव्हती. आम्ही फौजदाराला चादरीत घेऊन रिक्षात बसलो, आणि रूळ ओलांडून पश्चिमेच्या एका डॉक्टरबाईंकडे निघालो. वाटेत रिक्षावाल्याने मागे वळून “चावत तर नाही ना?” असे विचारले, तेव्हा पुतण्या रडवेल्या आवाजात म्हणाला, “चावला असता तर बरं झालं असतं. हा गिळतो.”

डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. परंतु प्रश्न विचारण्याची पद्धत थेट जमाबंदीच्या साहेबाची. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले. पुतण्याने खिशातून झाकण काढून दाखविले. त्यांनी ते वाचले, फौजदाराचा ताप पाहिला, तो १०४ च्या जवळ होता, मागच्या पंजांची बोटे मुडपून पाहिली आणि म्हणाल्या, “मॅकॅडेमिया. काका, घाबरू नका. सगळ्या दाण्यांत कुत्र्याला खास बाधणारा हाच.”

मॅकॅडेमिया हे नाव ऐकून मला आधी रस्ते आठवले होते, कारण खडीचे थर दाबून रस्ता बांधण्याची पद्धत ज्याच्या नावे चालते तो एक मॅकॅडम मला कचेरीतल्या अंदाजपत्रकांमुळे ठाऊक होता. फळाचा मॅकॅडम निराळा. तोही जन्माने स्कॉटिश, पण मेलबर्नला रसायनशास्त्र शिकविणारा. फर्डिनांड फॉन म्यूलर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५७ साली ऑस्ट्रेलियातील एका झाडाला आपल्या या मित्राचे नाव देऊन टाकले. एका मॅकॅडमच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर सांताक्रूझच्या माणसाचे पाय लटपटतात, दुसऱ्याच्या फळाने कुत्र्याचे. मनुष्याला त्या फळाची अशी बाधा होत नाही. कुत्र्याला मात्र वजनाच्या दर किलोमागे दोन-अडीच ग्रॅम, आणि कधीकधी त्याहून बरेच कमी, एवढ्याने बारा तासांच्या आत मागचे पाय लुळे पडणे, ओकारी, कंप आणि ताप ही लक्षणे दिसतात. त्यातील नेमके कोणते द्रव्य हा उद्योग करते, हे शास्त्राला अद्याप सापडलेले नाही. दिलासा एवढाच, की ही बाधा बहुधा एकदोन दिवसांत, जशी आली तशी, उतरते. “सलाइन लावू, ताप बघू, रात्रभर पाणी पाजत राहा,” असे सांगून डॉक्टरबाईंनी बाटली टांगली.

बाटली थेंबाथेंबाने उतरत होती, फौजदार मान टाकून पडला होता आणि मला काहीतरी लिहून घेतल्याशिवाय चैन पडेना. मी म्हटले, “डॉक्टरबाई, तबकात आणखीही मंडळी असतात. प्रत्येकाचा खुलासा करून द्याल का?” त्या हसल्या, आणि दिवाळीची रात्र असल्यामुळे दवाखान्यात दुसरा रोगी नव्हता म्हणून, एकेकाची हजेरी घेऊ लागल्या.

प्रथम बदाम. गोड बदामात विष नाही. परंतु कुत्रा हा चर्वण करणारा प्राणी नव्हे, तो अख्खा बदाम गिळतो, आणि तो टणक दाणा लहान कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडून बसतो. कडू बदामाची गोष्ट वेगळी, त्यात सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते आणि ते माणसालाही सोडत नाही. पिस्त्याचे कवच आतडे अडवते, खाऱ्या पिस्त्याचे मीठ बाधते, आणि बुरशी धरली असेल तर अफ्लाटॉक्सिन यकृत खाते. अक्रोडाच्या बाबतीत बुरशी हाच खरा गुन्हेगार. जुन्या अक्रोडावरच्या काही बुरश्या असे विष तयार करतात, की कुत्र्याला तासन्‌तास थरथर सुटते व झटके येतात. हे ऐकून मी मनातल्या मनात आमच्या स्वयंपाकघराच्या वरच्या फडताळाची झडती घेतली. ज्या गावी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडू शकतो, तेथे दिवाळीचा अक्रोड पुढल्या श्रावणापर्यंत फडताळात ठेवणे म्हणजे कोरड्या मेव्याला ओल्या कैदेत ठेवणेच होय, आणि आमच्या घरी तर मागील दोन दिवाळ्यांचे अक्रोड ‘कुणी आलं-गेलं तर’ या सदराखाली शिलकीत होते.

काजूचे नाव निघाले तेव्हा मला थोडा अभिमान वाटला, कारण काजू आणि सांताक्रूझ हे नाव, दोन्ही आम्हाला पोर्तुगिजांनी दिले. एक त्यांनी ब्राझीलहून आणून गोव्याच्या टेकड्यांवर लावला आणि दुसरे, म्हणजे ‘पवित्र क्रूस’, साष्टीच्या या भागाला चिकटवून ठेवले. सोललेला, भाजलेला, बिनमिठाचा काजू एखाददुसरा चालतो, असा निकाल मिळाला. टरफलातल्या कच्च्या काजूबियांची मात्र बात नाही. त्या टरफलातले तेल कातडी भाजून काढते, हे वेंगुर्ल्या-मालवणकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांना कोणी सांगावे लागत नाही. काजू, पिस्ता, आंबा आणि बिब्बा ही सारी एकाच आम्रकुलातली भावंडे. बिब्ब्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करीत आणि आमच्या आज्या पायाच्या भेगांना त्याचा चटका देत. त्याच बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी मात्र निगुतीने सोलून डिंकाच्या लाडवात पडते. शुभकार्यात बिब्बा घालू नये असे आपण म्हणतो आणि बाळंतिणीच्या लाडवात तो घालतो, ही मराठी मनाची गुंतागुंत डॉक्टरबाईंनाही उलगडली नाही. लाडू फौजदारापासून दूर ठेवा, एवढेच त्या म्हणाल्या. आणि त्यात घातलेले जायफळही, कारण चिमटीने काही होत नसले तरी अख्खे जायफळ पोटात गेल्यास कुत्र्याचे काळीज धडधडते, त्याला भ्रम होतो आणि नसलेल्या गोष्टी दिसू लागतात.

तेवढ्यात मी खिशातून पानाची चंची काढली, आणि त्यांची नजर सुपारीवर गेली. सुपारीचा इतिहास मला सर्वांत रोचक वाटला. कारण हा एकच दाणा असा, की जो कुत्र्यांना औषध म्हणून, सरकारी हुकुमाने, हजारोंच्या संख्येने दिला गेला. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य आतड्याला इतके खवळते, की आतला पट्टकृमी पकड सोडून बाहेर पडतो. न्यूझीलंडमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांमार्फत माणसांना होणाऱ्या एका कृमिरोगाचे उच्चाटन करण्यासाठी १९५९ साली कायदा झाला, आणि गावोगावची कुत्री ठरलेल्या दिवशी एका जागी आणून त्यांना अरेकोलीन पाजण्यात येऊ लागले. थोडक्यात, न्यूझीलंड सरकारने पट्टकृमीची सुपारी दिली, आणि ती कुत्र्याच्या मार्फत दिली. पुढे सौम्य औषधे निघाली आणि हा प्रयोग थांबला, कारण लाळ, ढाळ, ओकारी आणि कधी झटके, असा त्याचा कुत्र्याला होणारा त्रास कृमीच्या त्रासाहून फारसा कमी नव्हता. मी चंची मुकाट्याने खिशात ठेवली.

राहता राहिला शेंगदाणा. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी तो दाणाच नव्हे, हरभरा-वाटाण्यांचा भाऊबंद. भाजलेला, बिनमिठाचा, बुरशी नसलेला शेंगदाणा मोजका दिला तर सर्वांत निरुपद्रवी. फक्त बाटलीतले शेंगदाण्याचे लोणी देण्याआधी त्यावरचे बारीक अक्षर वाचावे, कारण काहींत साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले असते, आणि ते माणसाला गोड लागले तरी कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्याएक तासात धोक्याच्या पातळीखाली उतरवते व यकृतही निकामी करू शकते.

येथवर टिपण झाले आणि माझ्या डोक्यात एक सिद्धान्त प्रकट झाला. शेंगदाणा सर्वांत स्वस्त, तो सर्वांत सुरक्षित. काजू त्याहून महाग, तो थोडा संशयित. बदाम, पिस्ता, अक्रोड, अशी जसजशी किंमत चढते तसतसा धोका चढतो. आणि ज्याची किंमत ऐकून माझा घास अडला, तो मॅकॅडेमिया शिखरावर. म्हणजे कुत्र्याला काय द्यावे हे ठरविण्यास वैद्यकाची गरज नसून दुकानाच्या भावफलकाची आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला स्वतःचा एकही सिद्धान्त सुचला नव्हता, त्यामुळे मी तो काहीशा उत्साहाने डॉक्टरबाईंपुढे मांडला. त्यांनी मान डोलावली, आणि सलाइनचा वेग कमी करता करता सहज विचारले, “बरं, डब्याशिवाय सकाळपासून आणखी काय पोटात गेलंय याच्या?”

“काही नाही,” मी म्हणालो. “दुपारी भात-पोळी. आणि सकाळी नेहमीच्या पाच मनुका.”

डॉक्टरबाईंचा हात थांबला. “नेहमीच्या?”

आता पूर्वी जे नमूद करून ठेवले होते, त्याचे कलम येथे लागू होते. पहाटे पंधरा मनुकांपैकी दहा मी खात असे, आणि पाच, एक एक करून, समोर हजर असलेल्या फौजदाराच्या तोंडात टाकत असे. हा व्यवहार घरच्यांना माहीत नव्हता. तो आम्हा दोघांतील होता. ओलसर, टपोरी मनुका तो दातांना न लावता, प्रसादासारखी, जिभेवर झेलतो, आणि त्या वेळी त्याचा तहकूब कान क्षणभर उभा राहतो. त्या कानासाठी मी गेले वर्षभर माझ्या औषधातला तिसरा हिस्सा सोडत आलो होतो.

मॅकॅडेमियाच्या वेळी ज्या बाईंनी ‘घाबरू नका’ म्हटले होते, त्या आता काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी रक्त काढले. नंतर सांगितले ते असे: द्राक्ष आणि मनुका, काळी असो वा हिरवी, ही कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन शेपटी हलवीत राहतो, दुसरा मोजून चार खाऊन तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड गमावतो. कोण कोणत्या वर्गातला, हे आधी कळण्याची सोय नाही. कारणाचाही बराच काळ पत्ता नव्हता. २०२१ साली अमेरिकेतील काही पशुवैद्यांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले, आणि तेच आम्ल चिंचेत असते, तेव्हा आमटीही जपूनच. मी केविलवाणेपणाने म्हटले, की बिया असलेल्या मनुकांऐवजी तासगावचे बेदाणे दिले तर? बेदाणा म्हणजे फारसीत बिनबियांचा, हा माझा भाषिक युक्तिवाद होता. “बी असो नसो काका, द्राक्ष ते द्राक्षच,” असे उत्तर आले. मग मी वर्षभराच्या निर्वेध वहिवाटीचा मुद्दा काढला. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, की आजवर काही झाले नाही ही सूट आहे, तिचा हक्क होत नाही. खात्यात हेच वाक्य मी कित्येक अर्जदारांना ऐकविले होते.

अशा प्रकारे सिद्धान्तही गेला. दीडशे रुपयांच्या आत पाव किलो मिळणारी, देवाच्या प्रसादात पडणारी, तबकातली सर्वांत गरीब मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, आणि तिच्या शेजारी, पंचनामा हातात धरून, मी. दुसऱ्या तपासणीसाठी अठ्ठेचाळीस तासांनी, म्हणजे भाऊबीजेच्या दिवशी, येण्याची आज्ञा झाली.

त्या दोन दिवसांचे वर्णन लांबवीत नाही. पाडव्याच्या सकाळी फौजदाराचे मागचे पाय पुढच्या पायांना येऊन मिळाले आणि तो खांबाला टेकत का होईना फेरीला निघाला. घरच्यांनी आनंद केला, कारण घरच्यांना मॅकॅडेमियाचीच भीती होती. मी मात्र तो पाणी किती वेळा पितो आणि खाली नेल्यावर किती वेळा पाय वर करतो, याची नोंद एका जुन्या डायरीत वेळेसकट करीत होतो. सौभाग्यवतींनी त्याच्या अशक्तपणावर उतारा म्हणून पोळीला तूप माखले, तेव्हा मी तेही अडविले, कारण जास्त स्निग्धतेने कुत्र्याचे स्वादुपिंड सुजते असे टिपणात होते. “नामदेव महाराज तर कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते,” असे त्यांनी सुनावले. मी म्हटले, तो कुत्रा साक्षात पांडुरंग होता आणि पांडुरंगाच्या स्वादुपिंडाची काळजी रुक्मिणीमाता घेत असावी. आपल्या कुत्र्याचा असा कोणी वाली नाही. यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण ती पोळी मला वाढली.

पहाटेची वाटी मी बंद केली होती. तरी पाच वाजता फौजदार समोर येऊन बसला, आणि रिकाम्या काचेच्या वाटीकडे पाहत दोन्ही दिवस बसून राहिला. पाडव्याला मी त्याला गाजराचा तुकडा दिला. त्याने तो घेतला, गालिच्यावर ठेवला, हुंगला आणि निकाल राखून ठेवला.

भाऊबीजेला दुपारी दुसरा अहवाल आला. मूत्रपिंडाचे आकडे दोन्ही वेळा मर्यादेत होते. डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला, आणि मी तो तीन वेळा वाचून, घडी करून, निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीत माझ्या स्वतःच्या तपासण्यांचे कागद नाहीत.

संध्याकाळी डोंबिवलीहून व्याही आले. आमचे व्याही फार रीतीचे. आले की आपण उठून दोन पावले पुढे जावे, निघाले की जिन्यापर्यंत पोचवावे, एवढी त्यांची माफक अपेक्षा, आणि ती न पुरविल्यास पुढल्या संक्रांतीपर्यंत तिची आठवण ठेवण्याची त्यांची शक्ती मोठी. त्यांनी बरोबर लाल कागदात बांधलेली, खणाखणांची पेटी आणली होती. “तुम्ही पहाटे बदाम-मनुका घेता ना, म्हटलं तेच आणावं,” असे म्हणून त्यांनी ती माझ्या हाती देताना झाकण सरकविले, आणि खणातून एक बेदाणा, फक्त एक, उडून माझ्या खुर्चीपुढे फरशीवर पडला. फौजदार तेथून हातभर अंतरावर बसला होता. त्याचा तहकूब कान उभा राहिला.

मी उजवे पाऊल उचलून बेदाण्यावर ठेवले.

त्यानंतर चहा झाला, चकली झाली, मुलीच्या बदलीचा विषय झाला. फौजदार सरकत सरकत माझ्या पावलाशी आला आणि नाकाने अंगठ्याजवळ चौकशी करू लागला. मी पाऊल अधिकच दाबून धरले. सौभाग्यवतींनी मला आतून पाट आणण्यास सांगितले, मी ऐकले नाही असे केले. चिरंजिवांना हाक मारावी तर ते पुतण्याला स्टेशनवर पोचवायला गेलेले. शेवटी व्याही उठले, उपरणे सारखे केले, आणि माझ्या उठण्याची वाट पाहत उभे राहिले. मी बसल्याबसल्या दोन्ही हात जोडले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पायाकडे पाहिले आणि थंड आवाजात विचारले, “पायाला काही झालंय का?”

“हो,” मी म्हणालो, “जरा जपतो आहे.”

ते जिना उतरून गेले. सौभाग्यवती दार लावून माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. फौजदाराने माझ्या पावलावर हनुवटी टेकली, डोळे मिटले आणि तो तेथेच मुक्कामाला राहिला.